सफरचंदाच्या आळ्यात नत्र कोणतं?

वाचकांचे प्रश्न, मृदाशास्त्रज्ञाची उत्तरं

या महिन्यात सफरचंदाविषयीची पत्रं एकत्र घेतली आहेत. कोटगढच्या पत्राला जागा जास्त दिली, कारण त्यात जे घडलं आहे ते डोंगरातल्या शेकडो बागांमध्ये घडतंय आणि वेळेत लक्षात आलं तर सावरता येतं.

प्रश्न : मी मूळची सांगलीची. लग्नानंतर कोटगढला, सिमला जिल्ह्यात आले. आमची रॉयल डिलिशिअसची जुनी बाग आहे, बियांपासून वाढवलेल्या खुंटावर कलम केलेली. सासरे होते तोवर झाडांना कॅल्शियम अमोनियम नायट्रेट पडायचं, इथे त्याला सगळे ‘कैन’ म्हणतात. पुढे ते वेळेवर मिळेनासं झालं, म्हणून आम्ही युरियावर आलो आणि मध्ये काही हंगाम अमोनियम सल्फेटही घातलं. शेणखत झाडाला १०० किलो असतंच. झाडं हिरवीगार आहेत, फूट जोरात येते, पण माल घटतोय आणि रंग उशिरा चढतो. कोवळ्या फांद्यांच्या सालीवर मुरमांसारखे उंचवटे दिसू लागलेत. माती तपासली तर सामू (पीएच; ७च्या जितका खाली तितकी माती आंबट) ६.१ आला. दुकानदार म्हणतो, माती उत्तम आहे, नत्र वाढवा. वाढवावं का?
— एक वाचक भगिनी, कोटगढ

उत्तर : ताई, नत्र वाढवू नका. त्याचं कारण तुमच्याच पाकिटात आहे.

सोबतचा माती अहवाल मी बारकाईने पाहिला. नमुना घेतल्याची जागा म्हणून त्यावर ‘दोन ओळींमधला गवताचा पट्टा’ असं लिहिलंय. म्हणजे ६.१ हा गवताखालच्या मातीचा सामू झाला, झाडाखालच्या नाही. तुम्ही खत घालता ते तौलियात, आपल्याकडे ज्याला आळं म्हणतात तिथे. वर्षानुवर्षं सगळं नत्र त्याच गोलात पडतं, तिथेच मुरतं आणि मातीचा आंबटपणा वाढतो तोही तिथेच. चार पावलांवरच्या गवताखाली यातलं काहीच घडलेलं नसतं. मी प्रयोगशाळेत असताना पिशवीवर ‘आळ्यातला’ की ‘ओळीतला’ हे लिहिलेलं नसेल तर बागेचा नमुना घेत नसे, इतका या एका गोष्टीने निष्कर्ष बदलतो.

तेव्हा पहिलं काम नव्या नमुन्याचं. बागेच्या वेगवेगळ्या भागांतली पाच-सहा झाडं निवडा. खोडापासून साधारण मीटर-दीड मीटरवर, जिथे खत पडतं तिथेच खणा. वरच्या १५ सेंटिमीटरची माती एका पिशवीत, १५ ते ३० ची दुसऱ्या, ३० ते ६० ची तिसऱ्या पिशवीत भरा. थर एकमेकांत मिसळू देऊ नका. गवताच्या पट्ट्यातला एक नमुना तुलनेसाठी वेगळा द्या. तौलियातला सामू पट्ट्यापेक्षा बराच खाली आला तर मला आश्चर्य वाटणार नाही.

हा आंबटपणा येतो कुठून ते सांगते. युरिया आणि अमोनियम सल्फेट दोन्हींतलं नत्र मातीत अमोनियम रूपात येतं, आणि तिथले जिवाणू त्या अमोनियमचं नायट्रेट करतात. या बदलात हायड्रोजनचे आयन सुटतात, तीच आम्लता. तयार झालेलं नायट्रेट झाडाने उचललं तर मुळं ती आम्लता बऱ्याच अंशी भागवतात. पण झाडाच्या गरजेपेक्षा नत्र जास्त असेल आणि वरून पावसाळा असेल, तर उरलेलं नायट्रेट पाण्याबरोबर खाली जातं. जाताना ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोबत नेतं. आम्लता मागे उरते. म्हणून खताचा प्रकार जितका महत्त्वाचा, तितकीच त्याची मात्राही. गरजेपेक्षा जास्त पडलेला प्रत्येक किलो मातीला दोनदा महाग पडतो.

आता हिशोब. हिमाचलची जुनी शिफारस तुम्हाला माहीतच असेल : झाडाच्या वयाच्या दर वर्षामागे ७० ग्रॅम नत्र, आणि दहाव्या वर्षापासून पुढे ७०० ग्रॅमवर स्थिर. कैनमध्ये २५ टक्के नत्र असतं, म्हणजे ७०० ग्रॅमसाठी २.८ किलो कैन. युरियात ४६ टक्के, म्हणून साधारण दीड किलो पुरतो. अमोनियम सल्फेट घातलं तर ३.४ किलो लागतं. झाडाला तिन्हींतून तेवढंच नत्र मिळतं. मातीवरचा भार मात्र सारखा नाही. सगळं नायट्रेट वाहून गेलं असं धरून कमाल हिशोब मांडला, तर युरियातल्या ७०० ग्रॅम नत्राची आम्लता भागवायला अडीच किलो शुद्ध चुनखडी लागेल आणि अमोनियम सल्फेटच्या तेवढ्याच नत्राला पाच किलो. प्रत्यक्षात आकडे याहून कमी भरतात, कारण झाड काही नायट्रेट उचलतंच. पण अमोनियम सल्फेट युरियापेक्षा निदान दुप्पट आंबट, हे प्रमाण लक्षात ठेवा. ते काही हंगाम घातलंत तेव्हा तौलियाने काय सोसलं असेल याचा अंदाज येईल.

कैनच्या दाण्यात चुनखडी किंवा डोलोमाइट मिसळलेलं असतं. ते आम्लतेचा काही वाटा जागच्या जागी भागवतं, म्हणून कैन या तिघांत मातीला सर्वांत सौम्य. शिवाय त्यातलं अर्धं नत्र आधीच नायट्रेट असल्यामुळे मार्चच्या थंड मातीत, जिथे जिवाणू अजून मंद असतात, तिथेही ते झाडाला लगेच मिळतं. तुमच्या सासऱ्यांची निवड विचारपूर्वक होती. एक गैरसमज मात्र काढून टाकायला हवा. ‘कैन घातलं म्हणजे कॅल्शियम घातलं, आता चुना नको’ असं डोंगरात सर्रास बोललं जातं. २.८ किलो कैनमध्ये चुनखडी भरते जेमतेम पाऊण किलो, आणि ती त्याच खताची आम्लता भागवण्यात संपते. मातीच्या जुन्या आंबटपणासाठी तिच्यातलं काही उरत नाही.

कोटगढची गोष्ट थोडी वेगळी आहे, तीही सांगते. सॅम्युअल स्टोक्स, पुढचे सत्यानंद स्टोक्स, यांनी अमेरिकेहून रेड डिलिशिअसची रोपं आणून इथे लावली ती १९१६च्या सुमारास. म्हणजे तुमच्या परिसरातल्या कित्येक पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतांत सफरचंदाची दुसरी-तिसरी पिढी उभी आहे. पाऊस भरपूर, मातीतला चुना मुळातच कमी, त्यात त्याच जागी पुन्हा पुन्हा नत्र. अशा मातीला स्वस्त युरियाचा मोह परवडत नाही. ४५ किलोची अनुदानित गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, त्यामुळे हात तिकडे जातो हे मी समजू शकते. पण त्या किमतीत चुन्याचा खर्च धरलेला नसतो.

सालीवरच्या उंचवट्यांबद्दल. धारदार चाकूने एका उंचवट्याची वरची साल अलगद खरवडून पाहा. आत तपकिरी-काळे ठिपके दिसले तर मला मँगनीजच्या विषबाधेची शंका आहे. सामू ५.५च्या खाली गेला की मातीतलं मँगनीज आणि ॲल्युमिनियम विरघळू लागतं. ॲल्युमिनियम मुळांची टोकं खुंटवतं, मँगनीज झाडात शिरून सालीखाली साचतं. डिलिशिअस गटातल्या जाती याला फार लवकर बळी पडतात. पण बोरॉन कमी पडल्यावरही साल अशीच फुगते, काही विषाणू आणि बुरशीही असे उंचवटे आणतात. म्हणून नुसत्या नजरेवर उपाय करू नका. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत चालू वर्षाच्या फुटीवरची मधली पानं, झाडाच्या चारी बाजूंनी, खांद्याच्या उंचीवरून, पन्नास ते शंभर अशी गोळा करून तपासायला द्या. नत्र, कॅल्शियम, मँगनीज आणि बोरॉन हे चार तरी हवेतच.

आणि ‘हिरवीगार झाडं, जोरात फूट, तरी माल कमी’ हे कोडं नाही. नत्र जास्त झाल्याची ती सरळ खूण आहे. फळ देणाऱ्या झाडाची नवी फूट एक ते दीड वीत असावी. तुम्ही पाठवलेल्या फोटोत दोन विती ओलांडलेले शेंडे सहज दिसतात. झाड लाकूड आणि पानं करत बसतं, आतल्या फांद्यांवर सावली पडते, तिथल्या कळ्या फळकळ्या होत नाहीत, उरलेल्या फळांना ऊन मिळत नाही आणि लाली चढत नाही. मावा आणि कोळी यांनाही अशी रसरशीत पानं आवडतात. पानात नत्र २ ते २.४ टक्क्यांच्या आसपास असेल तर झाड समाधानी आहे असं समजा. त्यावर गेलं असेल तर खताचा हात आखडायला हवा.

फळं नत्र नेतात तरी किती? हेक्टरी ४० टन सफरचंद काढलीत तरी त्यातून साधारण २० किलो नत्र बाहेर जातं. साडेसात मीटरवर लावलेल्या जुन्या बागेत हेक्टरी १७८ झाडं बसतात, ७०० ग्रॅमने हिशोब होतो सुमारे १२५ किलो. लाकूड, मुळं, छाटणी, वाहून जाणं, हे सगळं धरूनही भरलेल्या वाढीच्या बागेत हात राखायला वाव असतो. त्यात तुम्ही झाडाला १०० किलो शेणखत देता. चांगल्या कुजलेल्या शेणखतात अर्धा टक्का नत्र धरलं तरी अर्धा किलो झालं. ते सगळं पहिल्याच वर्षी मिळत नाही, पण दरवर्षी घालत राहिलं की मागचं मिळत जातं. म्हणून येत्या हंगामात रासायनिक नत्र तिसऱ्या हिश्श्याने कमी करा. उरलेल्याचे दोन भाग करा : पहिला कळ्या फुटण्याच्या दोन-तीन आठवडे आधी, दुसरा त्यानंतर महिन्याभराने. मध्येच गारपीट झाली किंवा थंडीने मोहोर गेला, तर दुसरा हप्ता देऊच नका. फळ नसलेल्या झाडाला नत्र दिलं की नुसती काठी वाढते.

खत कोणतं? कैन मिळालं तर कैन. नाही मिळालं तर युरिया चालेल, पण दोन अटींवर. एक, ओल असताना आणि पाऊस येण्याच्या बेतात घाला आणि दाताळ्याने मातीत मिसळा. कोरड्या पृष्ठभागावर पडलेल्या युरियाचा अमोनिया होऊन हवेत जातो. दोन, युरियाच्या जोडीने चुन्याचा हिशोब ठेवा. अमोनियम सल्फेट तुमच्या बागेत पूर्ण बंद. कॅल्शियम नायट्रेट मातीला उत्तम आहे, उलट किंचित चुन्याच्या बाजूचं. पण त्यात नत्र १५.५ टक्केच, म्हणजे पूर्ण मात्रेसाठी झाडाला साडेचार किलो लागेल आणि खर्च झेपणार नाही. दुसरा हप्ता तेवढा त्यातून देता आला तर द्यावा.

चुना तोडणीनंतर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये घाला. किती घालायचा हे सामूवरून ठरवता येत नाही. सामू तोच असला तरी रेताड मातीला कमी लागतो आणि चिकणमातीला जास्त. प्रयोगशाळेला ‘चुन्याची गरज काढून द्या’ असं स्पष्ट सांगा, त्यासाठी वेगळी बफर चाचणी असते. मॅग्नेशियमही कमी असेल तर डोलोमाइट घ्या. वरून टाकलेला चुना वर्षाला काही सेंटिमीटरच खाली उतरतो, त्यामुळे पहिल्याच हंगामात फरक दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका. ताजं शेणखत किंवा युरिया चुन्याबरोबर एकाच वेळी घालू नका, अमोनिया उडून जातो. निदान महिन्याचं अंतर ठेवा. आणि कुणी जिप्सम देऊ केलं तर लक्षात असू द्या की जिप्सम खोलवर कॅल्शियम पोचवतं, ॲल्युमिनियमचा त्रासही कमी करतं, पण सामू वाढवत नाही. चुन्याच्या जागी ते धरता येत नाही.

एक शेवटचं. एप्रिलच्या मोहोराला लागणारं नत्र बहुतांश मागच्या शरदातलं असतं, सालीत आणि लाकडात साठवलेलं. तोडणीनंतर, पानं पिकायला लागली की पानगळीच्या आधी ५ टक्के युरियाची फवारणी करतात, २०० लिटरच्या ड्रमला १० किलो. पानं ते नत्र शोषून फांद्यांकडे पाठवतात आणि मातीला काहीच सोसावं लागत नाही. शिवाय गळलेली पानं लवकर कुजतात आणि त्यांवर हिवाळा काढणारी स्कॅब या खपलीच्या रोगाची बुरशी कमी होते. १९८३ची स्कॅबची साथ तुमच्याकडच्या जुन्या माणसांना अजून आठवत असेल. फवारणी कोवळ्या पानांवर मात्र कधीही नको, पानं करपतात.

प्रश्न : याच पत्रातला दुसरा प्रश्न. माझ्या दिरांनी खालच्या पायरीवरची जुनी झाडं काढली आहेत. तिथे एम-९ या झाड बुटकं ठेवणाऱ्या खुंटावरची रोपं ३ बाय १ मीटरवर, ठिबकवर लावणार आहेत. त्यांना खत याच हिशोबाने द्यायचं ना?

उत्तर : अजिबात नाही. वयामागे ७० ग्रॅमचं सूत्र साडेसात मीटरवरच्या मोठ्या झाडांसाठी बसवलेलं आहे. ३ बाय १ मीटरवर हेक्टरी ३,३३३ झाडं येतात. तिसऱ्या वर्षी सूत्राप्रमाणे झाडाला २१० ग्रॅम दिले तर हेक्टरी ७०० किलो नत्र होईल. एवढ्याने झाडं माजतील आणि माती दोन-चार वर्षांत बिघडेल. सघन बागेत हिशोब झाडामागे न करता क्षेत्रामागे करा. मध्यम मातीत हेक्टरी ५० किलोच्या आसपास नत्र, म्हणजे झाडाला साधारण १५ ग्रॅम, सुरुवातीला सहसा पुरतं. पुढे फुटीची लांबी आणि पानांचा अहवाल पाहून कमी-जास्त करा.

दिरांना सांगा, आत्ता जी संधी आहे ती झाडं लागल्यावर पुन्हा मिळणार नाही. जमीन मोकळी आहे. जुन्या तौलियांच्या जागा ओळखून तिथली माती खोलवर तपासा आणि लागेल तेवढा चुना फूट-दीड फुटापर्यंत मिसळून घ्या. एम-९ची मुळं उथळ आणि नाजूक असतात, जुन्या झाडाच्या आंबट मातीत ती तग धरत नाहीत. जमलं तर नवी ओळ जुन्या ओळीच्या मध्ये घ्या.

ठिबकमधून युरिया दिला तर आम्लता तोटीखालच्या वाटीएवढ्या मातीत एकवटते. पुढचे नमुने तिथूनच काढा. कॅल्शियम नायट्रेट ठिबकसाठी चांगलं, पण सल्फेट किंवा फॉस्फेटची खतं त्याच टाकीत मिसळू नका, साका बसून तोट्या बुजतात.

प्रश्न : मी वाशीच्या फळबाजारात आहे. काही बागांची सफरचंदं दिसायला मोठी आणि देखणी असतात, पण शीतगृहातून काढली की सालीखाली तपकिरी खड्डे, देठाच्या विरुद्ध बाजूला जास्त. चव कडसर, गर लवकर मऊ. तोडणी किंवा वाहतुकीत काही चुकतं का?
— एक व्यापारी, नवी मुंबई

उत्तर : दादा, त्या खड्ड्यांचं मूळ बागेत आहे. याला बिटर पिट म्हणतात. फळात कॅल्शियम कमी पडलं की गरातल्या पेशी कोसळतात. कॅल्शियम पाण्याच्या प्रवाहाबरोबर वर चढतं, आणि नत्राने फोफावलेली पालवी ते पाणी स्वतःकडे ओढते. फळाला त्याचा मोठा वाटा मोहोरानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच मिळतो. नंतर फळ नुसतं फुगत जातं आणि आहे तेवढं कॅल्शियम पातळ होतं. नत्र अमोनियम रूपात जास्त असेल तर मुळाशीही ते कॅल्शियमच्या आड येतं. म्हणून फार मोठं फळ, कमी माल लागलेलं झाड आणि जोरदार फूट, हे तिन्ही एकत्र आले की धोका.

तोडणीनंतर यावर इलाज नाही. बागायतदार फळं वाढत असताना कॅल्शियम क्लोराइडच्या फवारण्या करतात, त्याचा उपयोग होतो, पण जादा नत्राची भरपाई त्याने होत नाही. तुम्ही एवढं करू शकता : अतिमोठ्या आकाराची, लालीखाली हिरवट झाक असलेली पेटी साठवणीला पाठवू नका, ती आधी विका. आणि ज्या बागायतदाराचा माल वारंवार असा निघतो त्याला ही तक्रार आकड्यांसकट कळवा. कोटगढच्या ताईंसारखे लोक उपाय करायला तयार असतात, पण त्यांचं फळ वाशीत काय झालं हे त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. ही मला खरी खंत वाटते.

प्रश्न : नत्रखताने माती आंबट होते हे आम्ही पुस्तकात वाचतो. दीर्घकाळ मोजलेला पुरावा आहे का? आणि निमकोटेड युरियाने हे टळतं का?
— एक विद्यार्थी, राहुरी

उत्तर : आहे, आणि जगातल्या सर्वांत जुन्या प्रयोगांपैकी एक आहे. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड इथे लॉज आणि गिल्बर्ट यांनी १८५६ मध्ये ‘पार्क ग्रास’ नावाचा प्रयोग सुरू केला, तो अजून चालू आहे. गवताच्या एकाच कुरणाचे तुकडे पाडून काहींना नत्र अमोनियम सल्फेटमधून दिलं, काहींना सोडियम नायट्रेटमधून. अमोनियम सल्फेटची मोठी मात्रा मिळालेल्या, चुना न दिलेल्या तुकड्यांचा सामू ४च्या खाली गेला. सोडियम नायट्रेटच्या तुकड्यांत तसं झालं नाही. जिथे कितीतरी प्रकारच्या वनस्पती होत्या तिथे त्या आंबट तुकड्यांवर मोजकी गवतं उरली. नत्र दोन्हीकडे होतं, फरक त्याच्या रूपाचा होता. कुरण आणि बाग वेगळी हे खरं, पण मातीतली प्रक्रिया तीच.

निमाच्या लेपाने अमोनियमचं नायट्रेट होण्याचा वेग मंदावतो. त्यामुळे वाहून जाणारं नत्र कमी होतं आणि तेवढ्यापुरती आम्लताही. २०१५ पासून देशातला अनुदानित युरिया निमकोटेडच येतो. पण शेवटी बदल होतोच, टळत नाही. या विषयावर प्रबंध करणार असशील तर एक सुचवते : डाळिंबाच्या किंवा द्राक्षाच्या बागेत तोटीखालचा आणि दोन ओळींमधला सामू थराथराने मोजून बघ. आपल्याकडच्या मातीत उत्तर वेगळं येईल, आणि ते वेगळेपणच नोंदण्यासारखं आहे.

प्रश्न : दिंडोरीजवळ भारी काळ्या जमिनीत दोन वर्षांपूर्वी एचआरएमएन-९९ आणि अ‍ॅना जातीची सफरचंदाची झाडं लावली आहेत. माती परीक्षणात सामू ८.२ आणि मुक्त चुना ९ टक्के आला. हिमाचलच्या ओळखीतल्या बागायतदाराने कैन वापरायला सांगितलं. शेंड्याची पानं पिवळी पडतात, शिरा हिरव्या राहतात. कैन घालावं का, आणि पानांसाठी काय करावं?
— एक शेतकरी, दिंडोरी

उत्तर : भाऊ, त्यांनी त्यांच्या मातीसाठी योग्य तेच सांगितलं. तुमच्या मातीला ते लागू नाही. कोटगढच्या ताईंना मी जे बंद करायला सांगितलं, तेच अमोनियम सल्फेट तुम्ही वापरा. तुमच्या जमिनीत त्याची आम्लता औषधासारखी आहे, आणि त्यातलं गंधकही उपयोगी पडतं. कैनमधली चुनखडी तुमच्या मातीत मुळीच नको.

पण अमोनियम सल्फेटने जमिनीचा सामूच खाली येईल अशी आशा धरू नका. एक हेक्टरच्या वरच्या १५ सेंटिमीटर मातीचं वजन साधारण २,२०० टन असतं. तिच्यात ९ टक्के चुना म्हणजे जवळपास २०० टन. कुठल्याही खताने तो संपणार नाही. मिळेल तो फायदा मुळाशेजारच्या थोड्या मातीत, आणि तोही पुरेसा असतो. म्हणून खत आळ्यात सगळीकडे उधळू नका. ठिबकमधून किंवा तोटीखाली थोडं थोडं, वरचेवर द्या. युरिया दिलाच तर लगेच पाणी द्या. तुमच्या गरम, चुनखडीच्या मातीत तो कोटगढपेक्षा कितीतरी लवकर अमोनिया होऊन उडतो.

पिवळी पानं लोहाच्या कमतरतेची आहेत. नत्र वाढवून ती हिरवी होणार नाहीत. हिराकस (फेरस सल्फेट) जमिनीत टाकलं तर चुन्यात अडकून वाया जातं. ईडीडीएचए (लोहाला धरून ठेवणारं संयुग) रूपातलं लोह तोटीखाली द्या. ते महाग पडतं, पण तुमच्या सामूला टिकतं. पावसाळ्यात आळ्यात पाणी साचत असेल तर आधी गादीवाफा किंवा चर करून निचरा करा, साचलेल्या पाण्यात हाच पिवळेपणा दुप्पट होतो.

हिमाचलचं वेळापत्रकही तसंच उचलू नका. बिलासपूरच्या हरिमन शर्मांनी एचआरएमएन-९९ सखल, उष्ण भागासाठी पुढे आणलं, त्यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. आपल्याकडे ही झाडं जानेवारी-फेब्रुवारीत फुलतात आणि फळ पावसाळ्याच्या तोंडावर तयार होतं. तेव्हा पहिला हप्ता कळ्या फुगायच्या आधी, आणि सप्टेंबरनंतर नत्र बंद, म्हणजे काडी पक्व होईल आणि झाड विश्रांतीला जाईल. झाडं दोन वर्षांची आहेत म्हणता, तर वर्षाला १०० ते १४० ग्रॅम नत्राच्या वर जाऊ नका, तेही चार-पाच भागांत.

पुढच्या पत्रासोबत विहिरीच्या पाण्याचा अहवाल पाठवा, त्यात बायकार्बोनेटचा आकडा हवा. पाण्यातच ते जास्त असेल तर लोहाचा उपाय वेगळ्या पद्धतीने करावा लागेल, आणि तो कसा हे आकडा पाहूनच सांगता येईल.